चाचांच्या खव्यातली कचकच

खवेवाले चाचा गिऱ्हाइकाला चावू देत नसत. खवा घ्यायला कोणी आलं, की आधी एक चिमूट त्याच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "जिभीवर ठेवा. आन चूप राहा." नवखा माणूस सवयीनं दात चालवायला लागला, की चाचा कळवळून ओरडायचे, "अरे बाप्पा, काहून चावून राहिले? भाकर हाय का ते?" मग तो बिचारा ओशाळून तोंड मिटायचा. सणासुदीला असे पाच-सहा जण तोंडं मिटून, माना खाली घालून भट्टीपुढे उभे असायचे. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, या घरी कोणीतरी गेलं आहे.

भट्टी आमच्या राजापेठेतल्या गल्लीच्या टोकाला होती. वर पत्रे, खाली मातीची चूल, चुलीवर हंड्याएवढी खोल लोखंडी कढई. जळणाला पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली कपाशीची झाडं. चाचा उंच, किडकिडीत, दाढी पांढरी आणि उजवा हात डाव्यापेक्षा चांगला जाड. चाळीस वर्षं एकाच हातानं उलथनं फिरवल्यावर दुसरं काय होणार! दूध आटत आलं, की ते कोणाशी बोलत नसत. एकदा मी पंधरा मिनिटं समोर उभा राहिलो आणि शेवटी चिडून म्हणालो, "चाचा, माणूस आलाय." तर कढईतून नजर न काढता म्हणाले, "माणूस थांबते. दूध नाई थांबत."

साखरेचा त्यांना राग होता. खव्यात साखर कालवून वजन वाढवणाऱ्यांविषयी ते फार वाईट बोलत. "दुधाले आपली साखर असते, मास्तर. अल्लानं आतच घालून देल्ली. तिले बाहेर याले टाइम लागते, म्हणून तं मी चूप राहा म्हनतो." मी राजापेठेत रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेत असे, म्हणून मी मास्तर. अकरावी-बारावीची पोरं माझ्याकडे यायची. त्या वयात मला सगळं येतं असं मला वाटायचं. बोलायलाही मी जरा आगाऊच होतो. पोरं हसली की मला चेव यायचा.

गंमत म्हणजे चाचांना स्वतःला दूध चालत नसे. चहा कोरा. ईदेला अख्ख्या गल्लीत शिरखुर्मा वाटायचे, पण स्वतः एक चमचा खात नसत. "अर्धा कप दूध पेलो का पोटात नगारे वाजतात," असं म्हणायचे आणि खोखो हसायचे. मी त्यांना तिथेच, भट्टीपाशी, एक व्याख्यान दिलं. दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात, ती पचवायला आतड्यात एक रस लागतो, तो काहींच्या पोटात मोठेपणी कमी होतो, मग साखर तशीच पुढे जाते आणि पोट फुगतं, वगैरे. चाचांनी सगळं मन लावून ऐकलं. "लॅक्टोज," ते म्हणाले, "नाव तं इंजेक्शनसारखं हाय." मग जरा वेळानं म्हणाले, "म्हंजे माह्यी न् तिची पोटात भेट होत नाई. बाहेरच वळख." हे सगळं मुद्दाम सांगतो आहे. दुधातली साखर कोणती, हे मला ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये.

ते दिवस आमच्याकडे वाईट होते. बडनेऱ्याच्या पलीकडच्या गावांतून रोज कोणा ना कोणा शेतकऱ्यानं जीव दिल्याचं कानावर यायचं आणि माणसं ते पुरतं बोलायचंही टाळायची. तेव्हा कोणत्याशा योजनेतून गावोगावी गायी वाटल्या गेल्या. मोठ्या, काळ्या-पांढऱ्या, भरपूर दूध देणाऱ्या. हिरव्या चाऱ्याची सवय असलेलं ते जनावर आमच्या कोरडवाहू गावात येऊन कुटार, म्हणजे मळणीनंतरचा कोरडा भुसा, चघळत उभं राहिलं. दूध दिलं त्यांनी, नाही असं नाही. पण संकलन केंद्रावर माणूस यंत्रात दूध घालायचा आणि म्हणायचा, "फॅट लागत नाही, परत न्या." बायांनी भरल्या कॅना घेऊन जायचं कुठे?

त्यातलीच एक शोभाबाई. चार घरांचं दूध गोळा करून ऑटोत घालून ती राजापेठेत यायची आणि हलवायांच्या दारोदार फिरायची. वय चाळिशीचं, आवाज मोंढ्यातल्या हमालासारखा आणि तोंडात शिव्यांचा खजिना. ऑटोवाल्यानं खड्ड्यातून गाडी घातली, की त्याच्या आजोबांपासून सुरुवात व्हायची. हलवाई तिला उभं करत नव्हते. खव्याला म्हशीचंच दूध हवं, गाईच्या दुधाचा खवा कमी पडतो आणि चिकट होतो, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत. चाचांनाही माहीत होतं. त्यांनी जन्मात गाईच्या दुधाचा खवा केला नव्हता, केलाच तर कधी घरच्यापुरता.

तरी त्यांनी तिचं दूध घेतलं. मी तिथेच होतो. शोभाबाई कॅन आपटून म्हणाली, "घ्याचं तं घ्या, नाई तं या नालीत ओततो आन घरी जातो." चाचांनी वाटीभर दूध उकळलं, थेंबभर जिभेवर ठेवलं, थुंकलं. मग म्हणाले, "चांगलं हाय. आनत जाय." ती गेल्यावर मी विचारलं, "चाचा, परवडेल?" ते म्हणाले, "दूध चांगलं हाय, मास्तर. बाईचं तोंड खराब हाय, पण तोंडाचा खवा थोडीच करून राहिलो."

तेव्हापासून रोजचं गाईचं दूध यायला लागलं आणि चाचांची पंचाईत झाली. लग्नसराई सुरू व्हायला अवकाश, दिवाळी होऊन गेलेली. रोजच्या दुधाचा खवा रोज विकला जाईना. शोभाबाईला उद्या येऊ नको म्हणायची त्यांची छाती होत नव्हती. शेवटी त्यांनी ओळखीच्या माणसाच्या शीतगृहात जागा मागितली आणि डबे भरून खवा तिथे ठेवायला सुरुवात केली. डिसेंबरात माझ्या बहिणीचं लग्न होतं. गुलाबजामांसाठी खवा मी चाचांनाच सांगितला होता. त्यांनी मला तेव्हाच म्हटलं होतं, "गाईचा हाय, मास्तर. पंधरा दिवस थंडीत ठेवेल हाय. चालन ना?" मी म्हणालो, "चाचा, तुमच्या हातचा कसाही चालेल."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मांडवात आचाऱ्यानं डबा उघडला, खवा चिमटीत घेतला, तोंडात टाकला आणि चावला. मग बाजूला जाऊन थुंकला. "रेती हाय याच्यात," तो म्हणाला. सगळे जमले. जो तो चाखून पाहू लागला. मीही पाहिलं. खरंच, दातांखाली कचकच येत होती, अगदी बारीक वाळूसारखी. कोणी म्हणालं रवा घातलाय, कोणी म्हणालं रेती. मग सगळे माझ्याकडे वळले, कारण मी मास्तर. मलाही तेच हवं होतं. औषधाच्या पेटीतली आयोडीनची बाटली मागवली, खव्यावर दोन थेंब टाकले. रवा किंवा पीठ असतं तर निळं-काळं झालं असतं. झालं नाही. मी जाहीर केलं, "रवा नाही. म्हणजे रेतीच."

एवढंच. या "म्हणजे" मागे दुसरा कोणताही विचार नव्हता. वाहव्वा रे मास्तर!

चाचांना बोलावणं गेलं. ते सायकलवरून आले, हात धोतराला पुसत. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, थांबले. मांडवातली पन्नास माणसं त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाले, "कचकच हाय. थंडीत येते कधी कधी. एवढी पयल्यांदाच पाह्यली. पण वरून काही नाई, मास्तर, दुधातलंच हाय. थोडं गरम दूध टाकून कढईत परता, जाते ते." आचारी हसला. आणि मला चेव आला. मी म्हणालो, "चाचा, रेती गरम करून विरघळत असती, तर उन्हाळ्यात आपल्या वर्धेच्या पात्राचं सरबत झालं असतं!"

अख्खा मांडव हसला. माझे मामा तर हसता हसता खाली बसले. मला आजही ते हसणं ऐकू येतं आणि त्या वेळी ते मला किती आवडलं होतं, हेही आठवतं. त्याचीच जास्त लाज वाटते.

चाचा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते एकदा माझ्याकडे, एकदा डब्याकडे बघत राहिले. पुन्हा एक चिमूट घेतली आणि या वेळी चावली. चाळीस वर्षं लोकांना चावू न देणारा माणूस, भर मांडवात आपलाच खवा दातांनी तपासत होता. मग त्यांनी डबे उचलून सायकलला बांधले, दिलेली आगाऊ रक्कम माझ्या वडिलांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पोरीचं लग्न हाय. गोड दुसऱ्याकून घ्या. माफ करजा." आम्ही बुंदीचे लाडू केले. लग्न छान झालं.

वर्धेच्या सरबताचा विनोद माझ्याआधी गावभर पोहोचला. हलवाई एकमेकांना विचारू लागले, "काय, चाचाचा रेतीचा खवा घेता का?" चाचांजवळ त्यांच्या शब्दाशिवाय भांडवल काय होतं? म्हशीच्या खव्याचंही गिऱ्हाईक तुटलं. उन्हाळ्यापर्यंत भट्टी बंद झाली. त्या काळात मी गल्लीच्या त्या टोकाकडून जाणं टाळत होतो. एकदा भाजीबाजारात समोरासमोर आलोच. मला वाटलं, आता हे तोंड फिरवतील. तर त्यांनीच आधी कपाळाला हात लावला, "सलाम मास्तर. बहीन खुश हाय ना सासरी?" मी "हो" म्हणालो आणि घाईत असल्यासारखा निघालो. पुढे कळलं, ते अकोल्याला मुलीकडे राहायला गेले.

आठ वर्षं गेली. एक दिवस आमच्या फ्रिजच्या तळाशी विसरलेला खव्याचा डबा बायकोला सापडला. तिनं तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मेल्यानं रेती घातलीय यात." मी जागचा उठलो. तोच प्रकार, तीच कचकच. पुन्हा आयोडीन टाकलं, पुन्हा रंग नाही. या वेळी समोर हसायला कोणी नव्हतं, म्हणून डोकं चाललं असावं. खवा फडक्यात बांधून थंड पाण्यानं हळूहळू धुतला, उरलेले कण एका पेल्यात कोमट पाण्यात टाकले आणि ढवळले. कण गेले. पेल्याच्या तळाशी काही नाही. पाणी चाखलं, तर किंचित गोड.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढलं. दुधातली साखर पाण्यात फार विरघळत नाही. दूध आटवून पाणी कमी केलं आणि ते बराच काळ थंडीत ठेवलं, की साखरेचे खडे होतात आणि दाताखाली वाळूसारखे लागतात. गाईच्या खव्यात जास्तच. गरम केलं की पुन्हा विरतात. चाचा मांडवात बोलले होते ते सगळं तिथे छापलेलं होतं. ज्या साखरेवर मी त्यांना व्याख्यान दिलं होतं, तीच समोर येऊन उभी राहिली, तर मी तिला रेती म्हणालो. एक पेला कोमट पाणी! तेही मांडवात चुलीवर तयार होतं.

रविवारी अकोल्याला गेलो. जुन्या शहरात घर शोधलं. चाचा अंगणात बाजेवर पडून होते. जाड असलेला तो उजवा हातही वाळला होता. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण आवाजानं ओळखलं. "मास्तर? बसा, बसा. बहीन बरी हाय?" मी खव्याचा डबा आणि पेला बरोबर नेला होता. त्यांच्यासमोर कण विरघळवून दाखवले, त्यांना बोट पेल्यात बुडवायला लावलं. म्हणालो, "चाचा, ती रेती नव्हती. दुधाचीच साखर होती. तुम्ही खरं सांगत होता, मी मूर्खासारखा बोललो. मला माफ करा." हे शब्द मी बसमध्ये बडनेऱ्यापासून घोकत आलो होतो. माझे डोळे भरून आले होते.

चाचांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी विचारलं, "म्हंजे कोनीच काही टाकलं नव्हतं?"

"कोणीच नाही."

"दूधवालीनंबी नाई?"

"नाही, चाचा. कोणीच नाही."

ते बाजेवर उठून बसले. मग म्हणाले, "मंग शोभाबाई खरं बोलत होती."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. मांडवातून परत गेल्यावर त्यांनी कढई घासून पाहिली, पत्रा झाडला, चूल लिंपली. कुठेच रेती नव्हती. "थंडीत जराशी कचकच येते, हे मले माहीत होतं. पण तुमी म्हनले रेती. म्हटलं, मास्तर शिकेल माणूस, उगाच नाई म्हननार. आन मी तं टाकली नव्हती. मंग कोनं टाकली?" दुसऱ्या दिवशी शोभाबाई आली, तेव्हा त्यांनी तिला विचारलं, दुधात काय घालतेस? तिनं आधी शिव्या दिल्या, मग शपथा घेतल्या, मग रडली. चाचा म्हणाले, उद्यापासून आणू नको. तिनं दोन्ही कॅना त्यांच्या दारातच उलट्या केल्या. "चाचा," ती म्हणाली, "सारं गाव मले चोर म्हनलं असतं तं मी आयकून घेतलं असतं." आणि ऑटोत न बसता पायी निघून गेली.

मी माफी मागायला गेलो होतो आणि येताना त्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर हे ओझं ठेवून आलो. निघताना त्यांनी माझा हात धरला. "तुमचं सोडा, मास्तर. तुमी गलती केली, कबूल केली, खतम. तिले शोधा. तिले सांगा, चाचा म्हनते का तू खरी होती."

मी गावात गेलो. घराला कुलूप होतं. गाय त्याच वर्षी विकली, असं शेजारीण म्हणाली. पोराला घेऊन ती सुरतेकडे गेली, कोणी म्हणालं पुण्याकडे. नंबर कोणाकडे नाही. तिच्या भावाचं गाव कळलं, तिथे गेलो, तर भावाशीही तिचं बोलणं नव्हतं. दर शुक्रवारी दुपारी नमाज झाली, की मुलीच्या मोबाइलवरून चाचांचा फोन यायचा. दुसरं काही नाही, एकच प्रश्न, "भेटली का?" मी म्हणायचो, "शोधतोय, चाचा." असे चार-पाच महिने गेले. आवाज खोल जात चालला होता. मुलीनं मला वेगळा फोन करून सांगितलं, अब्बा जेवत नाहीत, रात्रंदिवस तेच बोलतात.

तेव्हा मी पुन्हा एकदा शहाणपणा केला. शुक्रवारी फोन आला, तसा म्हणालो, "भेटली, चाचा. सगळं सांगितलं. तिच्या मनात काही नाही. तुम्हाला सलाम सांगितलाय."

चाचा म्हणाले, "शोभाबाई आन सलाम सांगन? पयले माह्या सात पिढ्या काढल्या असत्या तिनं." ते थोडं हसले, पण ते हसणं खोकल्यात गेलं. दम आल्यावर म्हणाले, "मास्तर, एक डाव न पाहता माह्या खव्याचं सांगतलं तुमी. आता तिले न भेटता तिच्या मनातलं नका सांगू."

पुढच्या शुक्रवारी फोन मुलीचा होता. मी चाचांच्या मातीला गेलो.

शोभाबाई मला अजून भेटलेली नाही. भेटली तर सात पिढ्या काढील. काढू दे. त्या शिव्या माझ्याच आहेत. चाचांच्या नावावर त्या नकोत, एवढंच मला तिला सांगायचं आहे.